अर्थ मिळत नाही

मामाच्या गाडीत पहिल्यांदा बसलेला माणूस किल्ली फिरवतो आणि वाट बघत राहतो. काही होत नाही. किल्ली आणखी थोडी फिरेल म्हणून जोर लावतो. ती फिरत नाही. मग तो बटण शोधायला लागतो. डॅशबोर्डवर बटणं पुष्कळ आहेत. एक ओढलं की बत्ती लागते, एक दाबलं की थोड्या वेळानं सिगारेट पेटवायचा लालभडक निखारा बाहेर येतो, एक रेडिओचं आहे आणि तो रेडिओ माझ्या जन्मापासून मुका आहे. या वेळात मामा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असतो. हा त्याचा अत्यंत आवडता दीड मिनिट असतो आणि तो आखडता घ्यायची त्याची बिलकुल इच्छा नसते. शेवटी पाहुणा विचारतो, "हिला धक्का मारावा लागतो का हो?" तेव्हा मामा आत्ता कुठं लक्षात आल्यासारखं म्हणतो, "छे छे. ॲक्सिलेटर दाबा की."

ॲक्सिलेटर दाबला की सेल्फ लागतो. म्हणजे ज्या पायानं गाडी पळवायची, त्याच पायानं तिला उठवायचं. वेगळं बटण नाही, वेगळी कळ नाही.

गाडी ब्युइक सुपर, 1949 चं मॉडेल. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल भोकं. ही भोकं ब्युइकनं त्याच वर्षी आणली. थोरल्या रोडमास्टरला चार आणि सुपरला तीन, त्यामुळं कुणाची ऐपत किती हे रस्त्यावरचं पोरही बोटावर मोजू शकायचं. कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेही 1949 सालीच, मार्चच्या एक तारखेला. आजोबा या दोन गोष्टी एका दमात सांगायचे. गाडी मात्र त्यांच्याकडं पुष्कळ उशिरा आली, मुंबईहून, दुसऱ्या का तिसऱ्या हातानं. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता, 1928 ला सुरू झालेला आणि 1954 ला बंद पडलेला. आपली गाडी शिवडीत जुळली की अख्खी जहाजातून उतरली, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. लग्नकार्यात जेवणानंतर पान लावता लावता हा वाद हटकून निघतो.

सेल्फ या शब्दाची मला लहानपणापासून मौज वाटते. गाडी जर स्वतःच्या स्वतः सुरू होत असेल तर तिला सेल्फ मारावा का लागतो? खरं तर त्याआधी हँडल होतं. बॉनेटपुढं वाकून हँडल मारायचं, आणि इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडून घ्यायचं. चार्ल्स केटरिंगनं तयार केलेला विजेचा स्टार्टर 1912 साली कॅडिलॅक गाड्यांना बसला, आणि मोडक्या मनगटांचा जमाना ओसरू लागला. मग हा स्टार्टर लावायचा कशानं, याच्या नाना तऱ्हा निघाल्या. कुणी पायाखाली बटण दिलं, कुणी ओढायची मूठ दिली. ब्युइकनं 1934 पासून ते काम ॲक्सिलेटरवर सोपवलं आणि पुढं वीसेक वर्षांहून जास्त काळ सोडलं नाही.

यातली खरी गंमत कार्बोरेटरच्या कुशीत आहे. थ्रॉटलच्या दांड्याशेजारी एक छोटासा स्विच, आणि त्याच्या पोटात एक पोलादी गोळी. भिकबाळीतल्या मोत्याहून मोठी, पोरांच्या गोटीहून लहान. दांड्याला एके ठिकाणी सपाट खाच घेतलेली आहे, त्या खाचेत ही गोळी बसते. पाय दाबला की दांडा फिरतो, खाचेची कड गोळीला वर ढकलते, गोळी दट्ट्याला, दट्ट्या पितळी पट्टीला, आणि पट्टी दोन टोकं जुळवते. सेल्फ लागला. आता इंजिन सुरू झालं की ते हवा ओढायला लागतं. त्या ओढीनं गोळी खाचेतून उचलली जाते आणि तिथंच अधांतरी धरली जाते. आता कितीही दाबा, दांडा नुसताच फिरतो, वर ढकलायला गोळीच जागेवर नाही. इंजिन बंद केलं की श्वास थांबतो, गोळी आपल्या वजनानं टपकन खाचेत येऊन बसते आणि पुढच्या वेळेची वाट बघते.

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईसारखी ही गोळी आहे. पोरगं उठलंय का, एवढंच ती बघते. उठलं असेल तर हाका मारणाऱ्याला दारातच अडवते.

आणि या इंजिनाला तिची गरजही आहे. ओळीत आठ सिलिंडर, चार लिटरचं धूड, पण जाग्यावर चालताना आवाज असा की गाडी सुरू आहे हे समजायला बॉनेटवर हात ठेवावा लागतो. चालू इंजिनाला कुणी पुन्हा सेल्फ मारला असता तर दात करकरले असते.

मामाची सुरू करायची पद्धत पोथीत लिहावी अशी. आधी किल्ली बंद ठेवून एकदा पाय दाबायचा. त्यानं चोक बसतो आणि पेट्रोलचा एक घोट आत जातो. हे त्याचं आचमन. मग क्लच, मग गिअर मोकळा, मग किल्ली, आणि मग पुन्हा पाय. हे सगळं तो घाई न करता करतो. बँकेत छत्तीस वर्षं सही जुळवून पाहण्यात गेली, त्याचा हा परिणाम असावा.

तर ही गाडी गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत बंद पडली.

खरं म्हणजे पडली नाही, आम्हीच बंद केली. वरातीत गाडी माणसाच्या पावलानं चालते आणि जुनं इंजिन त्या चालीला तापतं. रंकाळ्याच्या अलीकडं चौकात नाचणाऱ्यांनी मुक्काम ठोकला, तेव्हा मामानं शहाणपणा करून किल्ली बंद केली. दहा मिनिटांनी वरात हलली. मामानं आचमन केलं, किल्ली लावली, पाय दाबला. शांतता. पुन्हा दाबला. बॅंडवाल्यांनी गाडी निघाली समजून नवं गाणं धरलं होतं, ते अर्ध्यातच थांबलं. मागं बसलेला नवरदेव पुढं वाकून म्हणाला, "काका, उतरू का?" त्यावर नवरी पहिल्यांदाच बोलली, आणि ती जे बोलली त्यावरून संसार नीट होईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "तुम्ही बसा. फेटा सुटला तर परत कोण बांधणार?"

पावणेदोन टनांच्या आसपासचं ते लोखंड शेवटी वऱ्हाडानं ढकललं. मामानं दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी काहीच घडलं नाही अशा थाटात सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाचा चेहरा मात्र मुलगा दहावीला गणितात गेल्यासारखा झाला होता.

"गोळी," तो घरी येऊन म्हणाला. "गोळी अडकली असणार."

यात तथ्य होतं. पेट्रोल वाळलं की मधासारखा चिकट थर मागं राहतो आणि बरेच दिवस न हललेली गोळी त्यात रुतते. पण निदान करायची एक सोपी रीत आहे. स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा लावून ती एकमेकांना जोडायची. सेल्फ फिरला तर दोष स्विचमध्ये. नाही फिरला तर स्विच निर्दोष, पुढं शोधा. मामाच्या त्या झेरॉक्स केलेल्या जाडजूड पुस्तकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि तिथं त्यानंच लाल पेनानं रेघ ओढलेली आहे. रविवारी सकाळी आम्ही वायर लावली. काही झालं नाही. मामा वायरकडं बघत राहिला आणि म्हणाला, "ही वायर आतून तुटलेली दिसते."

मी काही बोललो नाही. मलाही गोळी बघायची होती.

झाकण काढलं, दट्ट्या काढला, स्प्रिंग काढली आणि जुन्या वहीच्या कागदावर ओळीनं मांडली. गोळी काही चिकटलेली नव्हती. चांगली सुटी होती. इतकी सुटी की माझ्या हातातून सुटली, मडगार्डवर एकदा टणकन वाजली आणि नाहीशी झाली. मी, मामा आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर असे तिघं जण गाडीखाली, नालीत आणि जास्वंदीच्या कुंड्यांमागं रांगायला लागलो. आवाज ऐकून मामी चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"काय शोधताय?"

"गोळी," मामा गाडीखालून म्हणाला.

"कुठली? बीपीची का शुगरची?"

गाडीखालून उत्तर आलं नाही. मामीनं कप पायरीवर ठेवले आणि आत जाऊन खरंच गोळ्यांचा डबा घेऊन आली.

गोळी काही मिळाली नाही. मग मामा उद्यमनगरात गेला. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे काहीही मिळण्याची आणि न मिळालं तर घडवून मिळण्याची जागा. तिथल्या बेअरिंगच्या दुकानातून त्यानं मापाची गोळी आणली. बसवली. स्विच जोडला. आचमन, क्लच, गिअर, किल्ली, पाय. शांतता.

चौथ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री मामाहून दोनेक वर्षांनी थोरले, गुडघ्यानं अधू, पण बॉनेट उघडलं की सरळ उभे राहतात. त्यांनी आधी बॅटरीच्या केबल चिमटीत धरून बघितल्या.

"या कुणी घातल्या?"

"मागं एकानं बदलून दिल्या."

"बारीक हाईत. ही सहा व्होल्टाची गाडी. व्होल्ट निम्मे म्हंजे करंट दुप्पट लागतोय. जाड दोर पायजे हितं, तुमी सुतळी बांदलीया." मग ते थोडा वेळ नुसते बघत राहिले, एक लांब वायर घेऊन इथं तिथं टेकवत राहिले, छोटा दिवा लागतो का बघत राहिले. आणि मान वर न करता म्हणाले, "अर्थ मिळत न्हाई हिला."

मामा बँकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी ज्ञानेश्वरी वाचतो. तो हातातलं पुस्तक मिटून इतक्या आदरानं मिस्त्रींकडं बघायला लागला की मला हसू आवरेना. हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले, "अर्थ तर कशालाच नाही म्हणा." मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. ते पुढं म्हणाले, "करंट जातोय, पन परत यायला वाट न्हाई. अर्थ पायजे, अर्थ." आणि त्यांनी बोट दाखवलं ते कार्बोरेटरकडं नाही, डायनामोकडं.

डायनामोचा सेल्फशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. तेव्हा मिस्त्री कुंडीच्या कठड्यावर बसले आणि चहाच्या बशीत बोट बुडवून त्यांनी फरशीवर नकाशा काढला. किल्लीपासून वीज येते स्विचमध्ये, म्हणजे आपल्या गोळीपाशी. तिथून जाते सेल्फच्या रिलेत. रिलेतून ती थेट गाडीच्या अंगात मुरत नाही. या गाडीत ती डायनामोच्या कार्बनमधून जाऊन मग अर्थ होते.

"पन्हाळ्याला गेलाय न्हवं हिला घिऊन?"

"कितीदा तरी."

"वर चडताना पाय पुरा दाबता. इंजिनाची वड कमी हुते. मग ती गोळी टिकंल व्हय वर? पडतीया खाली. आन् पाय तर दाबलेलाच हाय. मग चालू गाडीला सेल्फ का लागत न्हाई?"

आम्ही तिघंही गप्प. इतकी वर्षं पन्हाळ्याच्या चढावर हा प्रश्न आमच्या पायाखाली होता आणि आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता.

"कारन डायनामो. इंजिन फिरतंय म्हंजे डायनामो फिरतोय, त्यो सोताच करंट काडतोय. रिलेच्या करंटाला तकडनं उलटा रेटा बसतो. वाट बंद. डायनामो गप असला तरच त्यातनं वाट मिळती." त्यांनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला आणि नकाशा पायानं पुसला. "दोन राखनदार ठिवल्यात लेकानं. एक गोळी, एक डायनामो. तुमी पयल्यालाच बडवत बसला."

डायनामो उघडला. मामा हिवाळ्यात आणि पावसाळ्यात गाडी फारशी काढत नाही, बॅटरी घरच्या चार्जरवर भरतो. त्यामुळं डायनामोला कामच नव्हतं. कार्बनचा ठोकळा त्याच्या खोबणीत आखडून बसला होता आणि ज्या तांब्यावर तो घासायचा ते काळंठिक्कर पडलं होतं. म्हणजे दोष असलाच तर आमच्या लाडाचा होता. मिस्त्रींनी झिरो पेपरनं तांबं उजळवलं, कार्बन मोकळा केला, फुंकर मारली.

"सायेब, बसा. गिअर काडलाय न्हवं?"

"काढलाय," मामा म्हणाला. आनंदात माणूस खोटं बोलतो असं नाही, पण तपासत नाही. आचमन राहिलं, क्लच राहिला. मामानं किल्ली लावून थेट पाय दाबला आणि ती गाडी, जिच्यातून चार दिवस हूं की चूं निघालं नव्हतं, नुसत्या सेल्फच्या जोरावर दोन फूट पुढं उडाली. जास्वंदीच्या दोन कुंड्या गेल्या. हेडमास्तर ज्या चपळाईनं पायरीवर चढले ती त्यांच्या वयाला शोभणारी नव्हती. मामी आतून म्हणाली, "सुरू झाली वाटतं."

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पण गणपतीच्या आधी गाडी धुतली, पुसली, हार घातला, आणि पुन्हा तेच. किल्ली, पाय, शांतता. या वेळी मामाला क्षणभरही शंका आली नाही. "अर्थ मिळत नाही," तो मिस्त्रींच्याच सुरात म्हणाला आणि पाना घेऊन थेट डायनामोकडं वळला. कार्बन काढला, घासला, बसवला. पुन्हा काढला. दुपारी जेवायला उठला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. तो आत हात धूत असताना मी वायरचा तोच तुकडा उचलला. गिअर मोकळा असल्याची दोनदा खात्री केली, मागच्या चाकाला वीट लावली आणि स्विचची दोन टोकं जोडली. सेल्फ खणखणीत फिरला.

या वेळी गोळीच होती. उद्यमनगरातली ती बेअरिंगची गोळी चांगल्या पोलादाची होती, पण गंज न धरणाऱ्या पोलादाची नव्हती. कोल्हापूरचा पावसाळा तिनं पहिल्यांदाच बघितला. जून ते भाद्रपद एवढ्यात तिच्यावर तांबूस लव आली आणि ती खाचेशेजारीच घट्ट बसून राहिली. मूळची गोळी सत्तरेक पावसाळ्यांत काळवंडलीसुद्धा नव्हती. मामा ती गंजलेली गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बसला. मला वाटतं त्याला गोळीचं दुःख नव्हतं. आधी गोळीवर आळ घेतला तेव्हा दोष डायनामोचा निघाला, आणि डायनामोवर घेतला तेव्हा गोळीचा, हे त्याला लागलं होतं.

मूळची गोळी मिळाली ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मिळाली म्हणजे ती काही हरवलेलीच नव्हती. गल्लीतल्या सात-आठ वर्षांच्या एका पोराकडं ती वैशाखापासून होती. नालीच्या तोंडाशी सापडली असं त्याचं म्हणणं. पोरं अशा पोलादी गोळीला छर्रा म्हणतात आणि गोट्यांच्या खेळात छर्रा हाताशी असला की समोरच्याची काच फुटलीच म्हणून समजा. त्यानं तिच्या जोरावर अख्ख्या गल्लीच्या गोट्या जिंकल्या होत्या आणि एका मोज्यात भरून ठेवल्या होत्या. मामानं त्याला खेळताना पाहिलं आणि उन्हात काय चमकलं ते ओळखलं.

मग पायरीवर बसून जो व्यवहार झाला तो मी खिडकीतून बघितला. मामानं आधी दहा रुपये दिले. पोरानं मान हलवली. मामानं वीस केले. पोरगं म्हणालं, "पैसं नकोत. दुसरा छर्रा द्या." मामानं गंजकी गोळी पुढं केली. पोरानं ती बोटांत फिरवून, डोळ्याजवळ नेऊन, बँकेत मामा सही बघायचा तशी बघितली आणि परत केली. "हा लाल हाय." शेवटी मामा स्कूटर काढून पुन्हा उद्यमनगरात गेला आणि तीन नवेकोरे छर्रे घेऊन आला. पोरानं तीन घेतले आणि एक दिला. वर म्हणालं, "आजोबा, तुमी पन खेळताय व्हय?"

गोळी जागेवर बसली. मामानं आचमन केलं, क्लच दाबला, गिअर हलवून हलवून बघितला, किल्ली लावली, पाय दाबला. गाडी सुरू झाली आणि नेहमीसारखी गप्प झाली. मामानं बोट वर करून आम्हाला सगळ्यांना थांबवलं. सुरू होताना गोळी वर चिकटली त्याचा आवाज आपल्याला येतो, असं त्याचं म्हणणं आहे. आम्हाला कुणाला तो कधी आलेला नाही. त्या दिवशीही आला नाही, पण आम्ही माना हलवल्या.

मामी पदराला हात पुसत दारात आली. "अहो, चालू आहे का बंद?"

"दाबून बघ," मामा खाली उतरून दार धरत म्हणाला.

मामी आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसली आणि तिनं पाय पुरा दाबला.